शाई गोठते तेव्हा

औलूच्या बाजारचौकात आज उणे चौदा.
पेनं आम्ही काखेत धरून ठेवतो
थर्मामीटरसारखी,
आणि कुणी थांबलंच तर एक काढून देतो,
कोमट, जरा ओशाळलेलं.

टेबल तुइयाच्या शाळेचं, शिवणवर्गातलं;
कडेला अजून एक टाचणी रुतून बसली आहे.
फलकावर काय लिहायचं यावर तीन बैठका झाल्या.
'आमचे खेळ परत द्या.'
रायमो म्हणाला, ही भीक वाटते.
'विकलंत ते चालू ठेवा.'
तुइया म्हणाली, हा राग वाटतो.
मग रागावलोच आहोत ना आपण?
तेच लिहिलं. निळ्यात,
कारण लाल रंग संपला होता.

रायमो अठ्ठावीस वर्षं बंदरात क्रेन चालवत होता.
आणि घरी येऊन काय करायचा?
खेळातल्या बंदरात टगबोट हाकायचा.
बायको म्हणायची, पाण्याची हौस कशी फिटत नाही तुझी!
'तिथे मी खाली असतो,' तो म्हणायचा,
'दिवसभर वरून बघून माणूस विटतो गं.'

मग एका मंगळवारी दोन ओळी आल्या:
सर्व्हर बंद होत आहे.
आजवरच्या साथीबद्दल आभार.
रात्री बाराला चाळीसेक बोटी धक्क्याला लागल्या.
हिमकोल्हा नावाच्या कुणीतरी भोंगा दिला,
मग सगळ्यांनीच,
आणि भोंगे अर्ध्यात असताना
पडदा काळा.

डबा शाबूत आहे. तबकडीवर ओरखडा नाही.
पावतीसुद्धा आहे, एकोणपन्नास युरो,
अक्षरं उडत चाललेली.
कंपनी म्हणते, तुम्ही खेळ घेतलाच नव्हता,
खेळायची परवानगी घेतली होती.
म्हणजे पोहरा आमच्या हातात देऊन
आड बुजवला,
आणि वर तोंड करून सांगतात,
पोहरा तुमचाच की, ठेवा!

कुत्रं घेऊन एक बाई थांबते.
'खेळ? मुलांचे?'
रायमो टोपी सारखी करतो. ती त्याच्याकडे बघते,
पांढऱ्या भुवयांकडे बघते.
'माझ्याकडे आईचं शिवणयंत्र आहे,' ती म्हणते,
'कारखाना कधीच मेला. यंत्र टाके घालतंय.
त्यांना तिकडून ते बंद करता आलं असतं तर...'
वाक्य तिथेच टाकून ती पेन मागते.
शाई उतरत नाही. ती टोकावर हाऽऽ करून वाफ सोडते,
कुत्रं वर बघतं,
आणि सही होते.

सर्व्हर जन्मभर चालवा असं कुठे म्हणतोय आम्ही?
दुकान बंद करा, खुशाल करा,
फक्त जाताना किल्ली उंबऱ्यावर ठेवून जा.

एक तरुण विचारतो, जगात एवढी दुःखं असताना?
'अगदी खरं,' रायमो म्हणतो,
'पलीकडचं टेबल सामन माशांचं आहे.
आधी तिथे सही कर, मग इकडे ये.'
तो जातो. परत येत नाही.
पण तिथे बराच वेळ वाकून काहीतरी लिहितो.

रात्री शिवणवर्गात मोजणी.
टपालाने आलेले गठ्ठे तुइया फोडते,
सहा अर्ज बाद होतात.
एकावर पत्ता नाही, एकावर कॉफी सांडलेली,
आणि एकावर, नावाच्या रकान्यात,
स्वच्छ, शाळकरी वळणाच्या अक्षरात:
हिमकोल्हा.
तुइया पट्टी ठेवून नावावर रेघ मारते.
नियम म्हणजे नियम; खरं नाव हवं.

रायमो कागद उचलतो, चष्मा चढवतो.
गाव केमी. जन्मसाल एकोणीसशे एक्केचाळीस.
'आणि मी,' तो म्हणतो, 'पोरगं समजून
सहा वर्षं याच्यावर ओरडत होतो,
डावीकडून ये म्हणून.'

तुइया दिवे मालवायला उठते.
रायमो पत्ता उतरवून घेतो,
एक कोरा अर्ज दुमडून खिशात घालतो.
'उद्या टेबलावर मी नाही,' तो म्हणतो.
आणि हीटरजवळ उभा असूनही
एक पेन उचलून
काखेत धरतो.