शेऱ्याचा रकाना

नायरी तेव्हा डिझेल मोजायची,
टाकीत काठी बुडवून, रोज दोनदा.
वहीतला शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तो रिकामाच ठेवायचा असतो
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जूनमधल्या एका दुपारी
(दुपार म्हणजे घड्याळातली)
तिनं लिहिलं :
डोंगरानं श्वास रोखून धरलाय. आत कुणीतरी जागं आहे.

बाहेर उणे एक्केचाळीस.
एरेबसच्या तोंडाशी तांबूस डाग,
विझवायची राहून गेलेल्या शेगडीसारखा,
आणि खाली मैलोन्‌मैल बर्फ,
ज्याला त्याची खबरही नव्हती.

मी स्टेशनप्रमुख. लाल पेन माझं.
‘इथे फक्त गळती लिहायची,’ म्हणालो
आणि ओळ खोडली.
तिनं मान हलवली.
खोडलेली ओळच मग उतरवून घेतली
पिठाच्या रिकाम्या पिशवीवर,
शिसपेन्सिलीनं, कारण शाई गोठायची.

आता तिची अकरा पुस्तकं आहेत.
ड्युनेडिनच्या लायब्ररीत बसून
मी सगळी वाचली, हळूहळू, चष्मा बदलून.
प्रत्येक ग्रहावर एक कारकून असतो,
लाल बोटांचा.
तो मरत नाही कधी. फारसा वाईटही नसतो.
त्याला फक्त
गळती तेवढी दिसते.