चावा

गाडी जर्मनीची, चाकं जपानची, पत्र्याचं शेड परभणीचं.
जिंतूर रोडला माझ्या दुकानात ती उतरली तेव्हा
गुणवंत म्हणाला, झालं उस्ताद, म्हण पुरी झाली.

दोनच सीटा. रंग पिकल्या जांभळाचा.
टपरीवरचे लोक वाकून बघायले, साहेब कुठंयत.
साहेब नव्हतेच. चावी डॉक्टर मानवतकरांच्या हातात,
दातांच्या डॉक्टर, वय त्रेपन्न, केसांत मेंदी,
औषधाच्या चिठ्ठीवर आकडे लिहून आणलेले:
रुंदी साडेनऊ, ऑफसेट बावीस, टायर दोनशे पासष्ट.
मी म्हणालो, मॅडम, इतकं बाहेर आलं तर घासंल.
त्या म्हणाल्या, घासू दे. मग बघू.

कंपनीचं चाक निघालं, अरुंद, सभ्य,
लग्नात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यासारखं.
नवं पितळी रंगाचं, परातीसारखं खोल.
टायर चढताना अर्धी बादली साबणाचं पाणी प्यायला,
आणि हवा भरताना कड बसली तेव्हा
फाट्!
समोरच्या जिनिंगवरची कबुतरं उडाली.

आमच्याकडं मे महिन्यात काळी जमीन फाटते,
भेगेत चार बोटं जातात, कधी मनगटापर्यंत हात.
फट मोजायची म्हणजे मला बोटंच ठाऊक.
चाक आणि पत्र्याच्या मधी दोन पाहिजेत.
इथं एक. तीही करंगळी.

मग हीटगननं रंग ऊन केला, तळहाताला सोसवेल इतका,
रंग तडकला की कारभार संपला.
गुणवंतची टेनिस बॉलची बॅट मधी अडकवली
आणि गाडी ढकलली, वीतभर पुढं, वीतभर मागं.
आतली कड वळत गेली
फॉल लावताना साडीची दुमडावी तशी.

गाडी जॅकवरून खाली. स्टेअरिंग पूर्ण डावीकडं.
खर्र.

मी उताणा, टॉर्च दातात.
घासतंय खरं, पण कुठं?
बाईंनी पर्समधून एक डबी काढली,
आत निळे कागद, बोटभर लांब.
दात बसवला की हा चावायला देते मी, म्हणाल्या,
जिथं उंच राहिलं तिथं डाग पडतो.
पेशंटला विचारून उपयोग नसतो,
तो म्हणतो सगळीकडंच लागतंय.

कागद आतून लावला. फिरवलं. खर्र.
वळलेल्या कडेवर निळा ठिपका, तिळाएवढा.

त्यांनी ग्राइंडर मागितला.
तो मी सख्ख्या भावालाही देत नाही.
दिला.
दोन सेकंद. थांबल्या. फुंकर मारली, बोटानं चाचपलं.
पुन्हा कागद, पुन्हा दोन सेकंद.
तिसऱ्यांदा कागद कोरा निघाला.
मी वर प्रायमरचा हात दिला, गंज धरू नये म्हणून.
दुसरं काही करायला उरलं नव्हतं.

हात धुताना विचारलंच, मॅडम, पण काऊन?
दवाखाना ते घर दीड किलोमीटर, त्यात सात गतिरोधक.
त्या पदरासारखी ओढणी खोचत म्हणाल्या,
तीस वर्षं लोकांना सांगतेय,
आ करा. मोठा. अजून मोठा.

पहिल्या गतिरोधकावर गाडी तिरपी घेतली,
एकेक चाक, जपून, पाण्यात पाय टाकावा तसं.
मग वळण.
मी कान लावून उभा होतो.
काही आलं नाही.

बॅटवर टायरचा काळा पट्टा उमटलाय.
गुणवंत आता ती कुणाला खेळायला देत नाही.