दुसरी बाजू, तिसरा तुकडा

शनिवारी सकाळी टोलीडोत कुणाचं ना कुणाचं घर रिकामं होत असतं.
अंगणात टेबलं मांडलेली: बशा, कुत्र्याचा पट्टा,
भिंतीवरून उतरवलेलं घड्याळ, अजून चालू.
मी बशांकडे बघत नाही.
तळघर कुठंय, विचारतो.

चौतीस वर्षं शहराच्या बसगाड्यांची इंजिनं उघडली.
नखांतलं ग्रीस काही गेलं नाही,
पण तबकडी मी कडेकडेनं धरतो,
तान्ह्याचं डोकं धरावं तशी.
बायको म्हणायची, ल्यूशस, माझं डोकं कधी धरलंस असं?
आता म्हणत नाही. आता ती डेटनला बहिणीकडे राहते,
नाताळला फोन करते, बरी आहे.

त्या शनिवारचं तळघर एका टपालवाल्याचं.
ओलीचा वास, फळ्यांवर टपालासारखीच लावलेली दोनेक हजार कव्हरं.
निम्मी माझ्याकडे होती, उरलेली मला नको होती.
गुडघे कुरकुरले तेव्हा तळाशी हाताला लागलं
एक पातळ, निळं, कोपरा उंदरानं खाल्लेलं:
ऑर्विल स्टॅगर्स आणि तिघे,
डॉर स्ट्रीटवरच्या क्लबात, एकोणीसशे एकोणसाठ.
ती डॉर स्ट्रीट, जी पुढं रुंद केली,
इतकी रुंद, की तिच्यावरचं सगळं कडेनं सांडून गेलं.
कव्हरच्या मागं पेन्सिलीचं बारीक अक्षर:
दुसरी बाजू, तिसरा तुकडा. थांब.

पावणेतीन डॉलर.

घरी आधी धूळ पुसली. मग कॉफी केली. मग ती प्यायलोच नाही.
तव्यावर चरबी चरचरावी तशी सुई थोडा वेळ चरचरली,
मग माणसं आली. कुणी खोकलं. कुणी खुर्ची ओढली.
ड्रमवाला ब्रशनं कातडं सारवत होता,
पियानो हळूच बाजूला सरकला, बास एकटा उरला,
चार पावलं चालला
आणि थांबला.

थांबलाच.

मग एक पेला फुटला.

आणि बासनं तो उचलला! फुटण्याचा तो सूर,
खाली, खोल आणून, तीनदा,
जणू काचा वेचतोय आणि बोट कापत नाहीये.
पियानोनं तिथूनच वाट धरली,
पुढची सहा मिनिटं सगळे त्या पेल्यातूनच वाजवत होते.
मी अकरा वेळा ऐकलं.
वरच्या मजल्यावरच्या मिसेस कोवाल्स्कीनं काठी आपटली, ती पण सुरात.

पेला कुणाचा, हे कव्हरवर लिहिलेलं नसतं.
तीन महिने गेले. चर्चमध्ये विचारलं, न्हाव्याकडे विचारलं,
शेवटी कळलं, क्लबात ट्रे घेऊन फिरायची ती ओडेसा ट्रिंबल,
वय सत्त्याऐंशी, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात, खोली चौदा.

छोटा प्लेअर नेला. ती खिडकीकडे बघत बसली,
ऐकतेय की नाही, कळेना.
बास चालला. बास थांबला.
आणि पेला फुटायच्या अर्धा श्वास आधी
गोधडीवरची तिची मूठ उघडली.

‘एकदा खरंच पडला होता,’ ती म्हणाली,
‘मग त्यांना चटकच लागली. दर शुक्रवारी ड्रमवाला
कोपरानं एक पाडायचा, ठरलेल्या जागी.
रेकॉर्डिंगवाले आले नि टेबलांवरचे सगळे पेले उचलून ठेवले त्यांनी.
बास त्या जागी आला, बघतो तर काही नाही.
थांबला बिचारा. आख्खी खोली थांबली.
ट्रे माझ्याच हातात होता.
मी सोडला.’

चाळीस सेंट पगारातून कापले, म्हणाली. मालक मेला एकदाचा.

मी विचारत होतो, तो टपालवाला कोण होता,
त्याला हे ठाऊक होतं का, तिथं होता का तो त्या रात्री.
तिनं हात हलवला, माशी वारावी तसा.
‘उलटी कर ती.
पहिल्या बाजूला मी आत भांडी विसळत होते,
नळाखाली काय ऐकू येतंय?
लाव. आणि तू गप्प बस.’