सोम, बुध, शुक्र

आयसीयूत तीन वर्षं काढली.
बरा झालेला माणूस तिथं मागे वळून पाहत नसे,
आणि ओटीत तर मला चेहरेच कधी दिसले नाहीत.

कारेलीबागेत डायलिसिसला बदली झाली.
आई म्हणाली, कुणाशी भांडलीस?

चिनुभाई मान फिरवून हात पुढे करतात.
फिस्टुलावर मी दोन बोटं ठेवते:
कातडीखाली रक्त गुरगुरतं,
उन्हात झोपलेल्या मांजरासारखं.

"आज सुईला कोण?"
"मीच. गुप्ते."
मग मान सरळ होते, आणि सुरू होतं
सुनेचं, पतंगांचं, दोन वर्षं न खाल्लेल्या शेवउसळीचं.
सुई गेलेली त्यांना कळत नाही.

चार तास.
इथून बरं होऊन कुणी जात नाही.
बुधवारी परत येतात,
आणि दारातूनच बघतात
मी आहे का.