एक दात पुढे

चौथा बोल्ट तुटला तेव्हा लूसियननं ट्रॅक्टर बंद केला
आणि फ्रेंचमध्ये देवळातल्या भांड्यांची नावं घेतली.
कॅनडाच्या सीमेलगत, व्हरमाँटच्या या टोकाला
शिव्या अजून अशाच देतात.

उतारावर सहा एकर वाळलेलं गवत, ओळी ओढून ठेवलेलं.
रेडिओ म्हणतो, चारनंतर पाऊस.
बेलर एकसष्ट सालचा, कधीकाळी लाल,
आणि मी क्रीमरीत हिशेब लिहिणारी बाई,
शेजारधर्म म्हणून थर्मास घेऊन आलेली.

"बोल्ट तुटायलाच असतो," तो म्हणाला,
"तो तुटतो म्हणून सुया वाचतात."

मी फ्लायव्हील हातानं फिरवलं.
आधी हात, मग खांदा, मग सगळं अंग.
त्यानं गुडघे टेकून दांडा उचलला,
आणि खोक्याच्या तळातून दोन वाकड्या सुया वर निघाल्या
सुतळी तोंडात धरून,
बगळ्यानं पाण्यातून मान काढावी तशा सावकाश.
"थांब."
थांबले.
"चिमूटभर मागे."
सुईचं टोक प्लंजरच्या खाचेत लपायला हवं होतं.
ते आधीच वर येऊन उभं,
पानं मांडायच्या आत दारात आलेल्या पाहुण्यासारखं,
आणि प्लंजर अजून चार बोटं लांब,
येतोच आहे.

मला हे ठाऊक होतं.
कुठून, ते आठवायला जरा वेळ लागला.

इचलकरंजीत दादा जॉबर होते. बत्तीस माग.
धोटा पार झाला की मगच फणीनं ठोकायचं;
धोटा मधेच सापडला तर शंभर धागे एकदम तुटतात
आणि मालक पगारातून कापतो.
दादा मागाकडे बघायचेच नाहीत.
भिंतीकडे तोंड करून ऐकायचे, ओठात विझलेली बिडी,
मग म्हणायचे, सातव्याचा ठोका घाई करतोय.
मला त्यांनी शिकवलं नाही. मुलगी म्हणून, असं मी
बरीच वर्षं धरून चालले.
भावालाही शिकवलं नव्हतं.

"चेन कधी बदललीत?"
"मे महिन्यात. मीच."
"एक दात पुढे बसलीय."
नवा हात कासेला लागला की गाय वळून बघते
तसं त्यानं बघितलं.

मग चिंधीनं चाक पुसत गेला, पुसत गेला,
आणि ग्रीसच्या काळ्या थराखाली
नेलपॉलिशचा एक ठिपका, फिकट गुलाबी.
"डोरीन," तो म्हणाला. एवढंच.
तिचा दुसरा ठिपका लोखंडी बॉडीवर,
पहिल्यापासून बरोबर एक दात चुकलेला.

ताण सैल केला, चेन उचलली, मागे घेतली.
बोट चेंगरलं. नख काळं पडणार.
पुन्हा फ्लायव्हील, पुन्हा बगळे;
आणि प्लंजर सुयांना पोटात घेऊन
न शिवता पुढे गेला.

पहिली पेंढी सुटली. दुसरी केळ्यासारखी वाकली.
तिसरीच्या वेळी मी पाठ फिरवून उभी राहिले.
धप्प. धप्प. मधे गाठीची खुट्ट.
धप्प.

पाऊस साडेतीनलाच आला. खालचा तुकडा भिजला तो भिजलाच.

गोठ्यात अंग पुसताना त्यानं विचारलं,
पर्समध्ये नेलपॉलिश आहे का.
मी लावत नाही.
शेवटी गाडीच्या ओरखड्यांवरचा रंग सापडला, निळा.
त्याचा हात थरथरतो, म्हणून ठिपके मी दिले,
जुन्यांच्या शेजारी,
त्यांच्यावर नाही.