फॅट कमी

डॉक्टर उमराणींनी पापणी उलटी करून दाबली,
दिव्यातून बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, पाणी आहे हो तुमच्या डोळ्यांत,
तेल नाही. म्हणून टिकत नाही, उडून जातं.
मला हसूच आलं.
बावीस वर्षं दूध संघाच्या लॅबमध्ये
काचेची नळी डोळ्यांसमोर धरून
पिवळी रेघ वाचतेय,
साडेतीन, सहा पॉइंट दोन,
ह्यात पाणी आहे काका, कॅन परत न्या.
आणि माझेच अश्रू
नापास.

पहिली ट्यूब राजारामपुरीतूनच घेतली.
झोपताना, खालच्या पापणीत, तांदळाच्या दाण्याएवढं.
तिसऱ्या रात्री खाज सुटली.
पाचव्या सकाळी पापण्या भिजल्या शेंगदाण्यागत,
कडेनं लाल, एकमेकींना धरून बसलेल्या.
कोमट पाण्याचा बोळा लावून
मोरीच्या कट्ट्यावर बसले होते
तर हौसाक्का दारात:
"सर्जेरावानं हात उचलला व्हय गं?"
मलम लावलंय, म्हटलं.
"मलमानं कुटं डोळं सुजत्यात?"
आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही.
त्याला अजून माहीत नाही, का ते.

डॉक्टरांनी खोका लांब धरून वाचला.
ह्यात लोकरीचं तेल असतं, मेंढीच्या.
कधी त्रास झालाय लोकरीचा?
पट्टणकोडोलीला मामाच्या घोंगड्यावर झोपले
की पाठीवर गांधी उठायच्या.
पोरगी नाजूक, एवढंच म्हणायचे सगळे.
चाळीस वर्षं मी विसरले होते
पापणी विसरली नव्हती.

दुसरी ट्यूब गरीब. ना आग, ना वास.
फक्त लावल्यावर
ट्यूबलाइटवर साय धरते,
घड्याळाचे काटे कणकेत रुततात,
मालनवन्संचा मेसेज येतो, तो नुसता उजेड.
हे चालायचंच, डॉक्टर म्हणाले,
लावून लगेच झोपायचं.

लगेच झोप कुठली.
सर्जेराव शिरोलीला लेथवर, सेकंड शिफ्ट.
साडेबाराला गाडीचं स्टँड वाजतं,
मग कूलंटचा वास, मग दारात
एक उंच डाग.
डाग जेवतो, भांडं विसळतो,
दिवा घालवतो.
सकाळी सातला मी निघते
तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून.
सुट्टीला मुरगूडला, वडिलांपाशी.
तीन महिने असे गेले आणि
कुणाला सांगू नये, पण बरं वाटत होतं.
पुसट माणसाशी भांडता येत नाही.

मग एका मंगळवारी मलम लावलंच नाही.
ट्यूब मुठीत, डोळ्यांत पंचगंगेची सगळी वाळू,
उघडझाप करत जागी राहिले.
तो आला.
मिशी नव्हती.
"कधी काढलीस?"
"पंधरा दिस झालं."
चप्पल काढता काढता म्हणाला,
"तू काय बोलली न्हाईस. वाटलं, आवडलं नसंल."

वरचा ओठ उघडा, पोरासारखा,
आणि बाजूच्या दोन रेघा
ज्या मी कधीच वाचल्या नव्हत्या.

"आण हिकडं," म्हणाला. "किती लावायचं?"
तांदळाच्या दाण्याएवढं.
"कुठला? आजरा घनसाळ का कोलम?"
हात धू आधी.
धुतले. नखात काळं होतं, परत धुवायला लावले.
शंभराव्या मिलिमीटरला खोट काढणारा माणूस
श्वास धरून माझ्या पापणीवर वाकला,
ट्यूबचं टोक कुठेही टेकू न देता.
"मीट आता."
मिटायच्या आधी थोडं थांबले,
बिनमिशीच्या तोंडावर साय येईपर्यंत.

सकाळी उजवी पापणी जरा चिकटली होती.
लॅबमध्ये पहिलाच नमुना वडणग्याचा,
रेघ हलल्यासारखी वाटली.
डोळा धुऊन आले, नळी पुन्हा धरली.
चार पॉइंट एक लिहिणार होते.
चार पॉइंट तीन होतं.