रीडिंग

बावीस वर्षं मी जुन्या नाशकातले मीटर वाचले.
तिवंधा, दहीपूल, तांबट आळी, कोकणीपुरा.
मीटर कायम जिन्याखाली, चपलांच्या ढिगामागे, अंधारात.
बॅटरी मारली की आधी उजळायचं केळफूल,
तुळईखाली उलटं लोंबणारं, सागाचं,
आणि त्याच्या पाकळीत कुणीतरी खोचलेली
गॅसची पावती.

मग आकडे.

वहीत शेवटचा रकाना असायचा: शेरा.
त्यात लिहायचं, 'कुलूप', 'काच फुटली', 'कुत्रं आहे'.
एका मार्चात, का कोण जाणे, मी लिहिलं,
'चौकटीवर दोन मोर. डावीकडच्याला चोच नाही.'
पुढच्या महिन्यात,
'भिंतीत लोखंडी कडी, घोडा बांधायची. सध्या स्कूटर.'
नंतर सवयच लागली.
'ओट्याच्या दगडात वाघबकरीचा पट खोदलेला.
मधल्या रेघा बसून बसून पुसल्या.'
'सराफ बाजार. शटरच्या कडेला पुराची खूण, सन एकोणसत्तर.
माझ्या खांद्याच्या वर.'

बैरागी साहेबांनी बोलावून घेतलं.
हे काय, लोणारी? मोराच्या नावानं बिल काढायचं का?
सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो.
संध्याकाळी सायकल काढताना मात्र साहेब जवळ आले,
हळूच म्हणाले,
ती कडी... नेमकी कुठल्या बोळात?

पुढे हातात यंत्र आलं. त्यात शेरा नाही,
सात कारणांपैकी एक दाबायचं.
आता तर मीटर स्वतःच स्वतःला वाचतात.
जिन्याखाली कुणी वाकत नाही.

मी तरी जातो, सकाळचा, ऊन चढायच्या आत.
तांबट आळीत कुठूनतरी दोनच हातोड्या ऐकू येतात.
एक चुकली की दुसरी थांबते, वाट बघते.
मी मान वर करून उभा राहिलो
की मागची माणसंही वर बघतात,
काही पडणार आहे का म्हणून.
आता काय वाचता, पीरजादे चाचा विचारतात,
आणि उत्तराआधीच चहा सांगतात.

परवा मोरांसमोर थांबलो.
डावीकडच्याला चोच आलीये.
एम-सीलची, करडी, अंमळ वाकडी,
वर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा तसाच वाळलेला.

घरात विचारलं. कुणालाच माहीत नाही.
मोर? कुठले मोर? म्हणाली धाकटी सून,
हातात कणकेचा गोळा,
आणि उंबऱ्याबाहेर येऊन तिने वर बघितलं.

मी खिसा चाचपला पेनसाठी.
नव्हतं.